ओवीच्या पैशांबद्दल

पुणे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग रागवा. जर्मनीत शिकणाऱ्या तुमच्या नातीशी, ओवीशी, माझं बोलणं झालं आणि आमचं ठरलं आहे. यापुढे ती तुमच्याकडे फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पैसे मागणार नाही. पैसे जातील ते सेमिस्टरच्या सुरुवातीला, आधीपासून लिहून ठेवलेल्या खात्यात, आणि तेही तुम्ही शाखेत बसून फॉर्म भरल्यावर. मधेच तिच्या नावाने, तिच्या नंबरवरून, अगदी तिच्या आवाजात मागणी आली तरी ती खोटी समजायची.

नातीने आजोबांकडे हट्ट करायचा नाही का, असं म्हणाल. करू दे की. भडंग मागू दे, मेतकूट मागू दे. तुमच्यावर भरवसा नाही म्हणून हे केलं असं मनातही आणू नका. कारखान्याच्या हिशेबात चार आण्यांचा फरक निघाला तर ज्यांना जेवण जात नसे, त्यांना मी काय शिकवणार? पण असे खोटे फोन करणारे लोक हिशेब करायला वेळच देत नाहीत. 'आजोबा, अर्ध्या तासात हवेत, घरी कुणाला सांगू नका' म्हणतात. आवाजाची नक्कल करायला आता थोडंसं बोलणं हाती लागलं तरी पुरतं, आणि ओवीचे इन्स्टाग्रामवर किती व्हिडिओ आहेत ते आईला ठाऊक आहे.

तिची तिथली सोय नीट समजून घ्या, म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही. ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते त्यात, वर्षाचे ११,९०४ युरो आपण भरलेत ते तिला महिन्याला ९९२ असे मिळतात. खोली, किराणा, मेन्झातलं (विद्यापीठाच्या खानावळीतलं) जेवण त्यात भागतं. ती उपाशी नाही, आई. विद्यापीठात प्रवेशासाठी आरोग्य विमा सक्तीचा असतो आणि तिचा सरकारी पद्धतीचा आहे, म्हणून दवाखान्यात कार्ड दाखवायचं, आपल्यासारखी आधी अनामत भरायची नाही. म्हणजे 'ओवीचा अपघात झालाय, ऑपरेशनआधी पैसे भरा' हा फोन खोटाच. पोलिसांनी पकडलंय, कस्टममध्ये पार्सल अडकलंय, तेही तसंच. फोन ठेवायचा आणि तिचा जो नंबर आपल्याकडे आहे त्यावर उलट लावायचा. लागला नाही तर मला लावायचा. शिवाय घरात एक खुणेचा शब्द ठरवू. तो इथे लिहीत नाही, येईन तेव्हा कानात सांगेन. डिग्रजच्या म्हशीचं नाव चालणार नाही, ते अख्ख्या गावाला माहीत आहे.

आता फी. स्टुटगार्टला तिच्या विद्यापीठात आपल्याकडच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. खात्याचा तपशील ओवीने विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून बघायचा आणि तुम्हाला फोनवर वाचून दाखवायचा. ईमेलमधून आलेलं खातं वापरायचं नाही. 'आमचं बँक खातं बदललं आहे, कृपया नव्या खात्यात भरा' असं पत्र हुबेहूब विद्यापीठाच्या शिक्क्यासकट येतं. आपल्याकडे एनईएफटी करताना आता समोरच्याचं नाव पडद्यावर दिसतं, तशी सोय परदेशी पाठवताना गृहीत धरू नका. तिथे खातेक्रमांक बोलतो.

तो क्रमांक म्हणजे आयबॅन. जर्मनीचा बरोबर २२ अक्षरांचा असतो: सुरुवातीला डीई, मग दोन तपासणीचे आकडे, आठ आकडे बँकेचे, दहा खात्याचे. कागदावर चार-चारचे गट पाडून लिहा, पाच गट आणि शेवटी दोन उरले पाहिजेत. तपासणीच्या आकड्यांमुळे लिहिण्यातली चूक बहुधा पकडली जाते. खातं लबाडाचं असेल तर ते मात्र कळत नाही. पैसे मागणारा जर्मनीतला आणि आयबॅनची सुरुवात दुसऱ्याच देशाच्या अक्षरांनी, असं दिसलं तर पेन खाली ठेवा.

अशी फसवणूक खोलीच्या बाबतीत फार होते. पुढच्या वर्षी ओवीला वसतिगृह सोडून खोली बघायची आहे, म्हणून सांगते. फोटो सुंदर, भाडं कमी, आणि मालक म्हणतो, मी परगावी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. जर्मन कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकीच घेता येते, तीही तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. खोली न दाखवता सगळे पैसे मागणारा मालकच नव्हे. ओवी खोलीत उभी राहून बघेल, मग बोलू.

बाबा, पुढचं तुम्हाला आवडणार नाही. मारुती चौकातले ते तुमचे ओळखीचे गृहस्थ, 'इथे रोख द्या, तिकडे पोरीला युरो मिळतील, टीसीएस वाचेल' म्हणतात ते. (टीसीएस म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर.) नको. माणूस चांगला असेल, पण याला हवाला म्हणतात आणि तो परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चालतं तेही यातलंच: माझ्याकडे युरो आहेत, तू कोल्हापूरला माझ्या वडिलांना रुपये दे. ते युरो कुठून आले हे ओवीला कळणार नाही. चोरीचे निघाले तर खातं तिचं गोठवलं जाईल, चौकशी तिची होईल. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म सही करून कोरा आणि पॅनची प्रतही कुणाला देऊ नका. तुमच्या नावावर दुसऱ्याचे पैसे बाहेर गेले तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल.

आणि टीसीएस बुडत नाही. एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत तो लागतच नाही. ब्लॉक्ड खात्याची रक्कम त्याच्या वर जाते, म्हणून वरच्या भागावर लागतो. आयकर खात्याच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. फक्त फीच्या फॉर्मवर कारण शिक्षणाचंच लिहा, कोड एस०३०५. इतर बऱ्याच कारणांना दर पुष्कळ जास्त आहे.

शाखेत तीन गोष्टी मागून घ्या. विनिमय दर धरून एकूण किती रुपये जाणार ते आधी लेखी. बँकेचा आकार (शुल्क) 'अवर' पद्धतीने, म्हणजे मधल्या बँकांचं सगळं आपण भरायचं. नाहीतर वाटेत कपात होते, विद्यापीठात दहा-वीस युरो बाकी दिसतात, खरं स्मरणपत्र येतं, आणि त्याच्या मागोमाग आलेलं खोटंही आपण खरं मानतो. तिसरी, पैसे गेल्यावर स्विफ्टची, म्हणजे बँकेने परदेशी पाठवलेल्या संदेशाची, प्रत, त्यावर मागोवा घेण्याचा ३६ अक्षरी क्रमांक असतो. एवढं झाल्यावर 'तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेत अडकलेत, सोडवायला शुल्क भरा' असा फोन आला तर खुशाल हसा. रिझर्व्ह बँक असलं शुल्क कुणाकडे मागत नाही.

तरी काही झालंच, तर लाजत बसू नका. आधी शाखेला फोन करून रक्कम परत मागवायला सांगा, लगेच सायबर फसवणुकीचा १९३० लावा. मग मला. समोरच्या खात्यात रक्कम जमा होऊन उचलली गेली की परत येणं फार अवघड, म्हणून तासांना किंमत आहे. मी एका शब्दाने बोलणार नाही.

फीचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका. सहलीला जाताना बाबा माझ्या फ्रॉकला आतून खिसा शिवून घ्यायचे, तसा हा खिसा. पेन्शनचं खातं आहे तसंच राहू दे. तुमची औषधं, गॅस, आईचं गणपतीला जाणं, कशालाही हात लागणार नाही, आणि लागतोय असं वाटलं तर फी मी भरेन. दादाचं जे करायचं ते तुम्हीच करणार, हे मला माहीत आहे. त्यात मी येत नाही.

बाबा, फोनमधलं ते आपला स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप आजच काढून टाका. गोळी रात्री जेवणानंतर, आधी नाही. आई, तू एफडी मोडू नकोस, मुदत मार्चमध्ये संपते. आणि हे पत्र फ्रिजवर लावू नकोस, येणारे-जाणारे सगळे वाचतात. पासबुकांच्या पिशवीत ठेव.

तुमची,
मनू