मशीन वाटायच्या आधी एकदा ग्रामसभेत येऊन बस

प्रिय सुहास,

तुझा मेल वाचला. तुमच्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या पैशातून, गडचिरोलीसाठी काहीतरी करायचं चाललंय हे वाचून खूप बरं वाटलं. पण शिलाई मशीन आणि कोंबड्यांची यादी फायनल करायच्या आधी माझं जरा ऐक. इथली माणसं उन्हाळ्यात पहाटे चारला जंगलात असतात रे, कष्टाला कोणी कमी नाही, पण त्या कष्टाचा भाव कित्येक वर्षं दुसराच कोणीतरी ठरवत आला आणि सगळी गोम तिथंच आहे.

तेंदूचंच, म्हणजे बिडीच्या पानाचंच बघ ना. मे महिन्यात अख्खं घर त्यात असतं. पहाटे पानं तोडायची, दहा-अकराला ओझं घरी आणायचं, मग सावलीत बसून म्हातारीपासून पोरींपर्यंत सगळ्या पानं जुळवत बसतात, 70 पानांचं एक पुडकं, अशी 1000 पुडकी झाली की एक स्टँडर्ड बॅग. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी न्यायचं. पूर्वी तिथं ठेकेदाराचा मुन्शी बसायचा, तो म्हणेल तीच मोजणी, पान बारीक आहे म्हणून पुडकं बाजूला फेकलं तरी कोणी तोंड उघडायचं नाही. आता कितीतरी गावांत मोजणारा पोरगा गावचाच असतो, लिलाव ग्रामसभा काढते, करारावर सही ग्रामसभेची, आणि मजुरीच्या वरची रॉयल्टी गावाकडे येते.

हे कोणी आयतं दिलेलं नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, जंगलावर गावाचा हक्क मानणारा 2006 चा वनहक्क कायदा, दोन्ही कागदावर होतेच, पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ते वापरून दाखवले. तिथले पुढारी देवाजी तोफा यांचं गाव. ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तू ऐकली असशील. तिथं बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. 2009 मध्ये त्यांना जवळजवळ 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा म्हटलं की वाहतूक परवान्यावर अडायचं, कारण बांबू हे झाड की गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा, गावाला विकता येणारा माल, हाच वाद. वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असून! शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला.

आणि चंद्रपूरकडचं पाचगाव तर मला त्याहून आवडतं. 2012 मध्ये हक्क मिळाला, बांबूवर गाव उभं राहिलं, आणि तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं त्यांनी ठरवलं, कारण चांगलं पान यावं म्हणून जंगलात आग लावतात, झाडं छाटतात. हातचा पैसा सोडून जंगल राखायचं हे गावानेच ठरवलं! बाहेरच्या कोणी सांगून हे झालं असतं असं मला नाही वाटत.

म्हणून तुला सांगतोय, पैसे द्यायचेच तर ग्रामसभेला जे जमायला जड जातंय तिथं द्या. पहिलं म्हणजे हिशेब. पॅन, जीएसटी, ऑडिट, बँकेचे कागद, यात चांगली चांगली गावं अडकतात. गावातल्याच दोन पोरी-पोरांना नीट अकाउंटिंग शिकवा, पगार दोन-तीन वर्षं तुम्ही द्या. दुसरं गोदाम. मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये वेचतात, घरात ठेवायला जागा नाही आणि हातात पैसा नाही म्हणून व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देतात, आणि पावसाळ्यात तीच फुलं जास्त पैसे मोजून परत घेतात. हे बघून जीव तुटतो रे. कोरडं गोदाम आणि ग्रामसभेकडे थोडं खेळतं भांडवल असलं तर हे थांबेल. तिसरं, करार वाचून देणारा वकील, कारण पान उचलून पैसे बुडवणारे ठेकेदारही आहेत आणि कोर्टात जायची गावाची ताकद नसते.

मात्र यातलं काहीही गावाला न विचारता करू नका, मी सांगितलंय म्हणूनसुद्धा नाही. आधी ये, सभेत मागे बस, फक्त ऐक. बायका बोलायला लागेपर्यंत थांब, पान तोडणं, जुळवणं, मोहफुलं वेचणं, बहुतेक सगळं त्याच करतात, त्यामुळे कुठं काय अडतंय ते त्यांनाच नेमकं माहीत असतं. शिलाई मशीनच हवी म्हणाल्या तर मशीन द्या, माझी काही हरकत नाही.

मार्चच्या आत जमव, नंतर सगळे जंगलात असतात. फोन रात्री आठनंतर कर, दिवसा रेंज नसते.

तुझा,
अविनाश