तुटलेले रबरी आमिष खिशात घाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत गळाच्या छंदावरचा लेख वाचला. रबरी आमिष कांदळवनात ‘कुठेच अडकत नाही, निर्धास्त वापरा’ असे त्यात म्हटले आहे. मी कालावल खाडीच्या काठी राहतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस तरी गरवायला जातो. भाच्याने मुंबईहून असेच एक पाकीट आणून दिले होते. आमिष चार इंची, शेपटी चमच्यासारखी, मूळ अमेरिकेतल्या बास माशासाठी केलेले. तो मासा तिकडे तळ्यातल्या दाट गवतात नि बुडालेल्या झाडांत दडतो. आमच्या खाडीत बास नाही, पण चोणक (रायगडकरांचा जिताडा) आणि तांबोशी कांदळाच्या मुळांत तशीच दबा धरून असतात. म्हटले, बघू.

अष्टमी धरली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे सहाला भरती. भांगाचे पाणी (भरती-ओहोटीतला फरक थोडा), ओढ कमी. सातच्या सुमारास सुकती (ओहोटी) लागली की मुळांतली सुंगटे (कोळंबी) पाण्याबरोबर बाहेर येतात आणि मोठे मासे वहाळाच्या तोंडाशी येऊन थांबतात.

गरीचे (गळाच्या आकड्याचे) टोक आमिषाच्या नाकातून घालून लगेच खाली काढायचे, गरी फिरवायची आणि टोक पोटातून वर आणून पाठीच्या कातडीखाली लपवायचे. टोक उघडे नसल्याने आमिष मुळांवरून घसरत येते. माशाने चावले की रबर दबते आणि टोक बाहेर पडते. दीड तासात दोनदाच अडकले. जिवंत सुंगट लावलेल्या साध्या गऱ्या त्याच जागी मी किती गमावल्यात, ते घरी सांगत नाही. पाऊण किलोची एक तांबोशीही लागली. तिला मात्र लागल्या लागल्या ओढावे लागते, मुळांत शिरली की तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गेलाच.

मग केंड (धारदार दातांचे, फुगणारे मासे) आले. चार फेकींत चार शेपट्या कातरून नेल्या, कात्रीने कापाव्यात तशा. त्या चारही खाडीतच राहिल्या. हे रबर म्हणजे तेलकट द्रव घालून मऊ केलेले पीव्हीसी. ते कुजत नाही. उरलेली आमिषे मी एका स्वस्त प्लास्टिकच्या डब्यात ठेवली होती. मे महिन्यात उघडून पाहिले तर डब्याचा तळ मऊ पडून आमिषांना चिकटलेला. ज्याने डबा खाल्ला ते माशाच्या पोटात काय करत असेल? पुढच्याच महिन्यात आमच्या घरी आदाळ्यावर (विळीवर) तांबोशी चिरताना पोटातून हिरवट रबराचा बोटभर तुकडा निघाला. माझी आमिषे पांढरी होती. म्हणजे टाकणारा मी एकटा नाही.

सुटीच्या दिवशी खाडीवर येणाऱ्या तरुण मंडळींना माझे सांगणे एवढेच की फाटलेले आमिष पाण्यात भिरकावू नका, खिशात घाला. स्पर्धा भरवणाऱ्यांनी मासे मोजताना पाकिटातली उरलेली आणि तुटलेली आमिषेही मोजून घ्यावीत. आणि पहिली शेपटी तुटली की केंड आलेत हे समजावे, रबर काढून सुंगट लावावे. गरी अडकली तर अडकली.

लेखातले ‘निर्धास्त’ तेवढे आपण दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला,
एक गरवणारा, ता. मालवण