काजळ घातलेल्या मेंढ्यांचं गाव

फिजाकजवळ, लॉत जिल्हा, फ्रान्स
रविवार सकाळ

ती. आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुलूझसारखं शहर सोडून त्या खेड्यात कशाला गेलीस?" तेव्हा आवाज तुटत होता, आणि उत्तरही नीट सुचलं नाही. आज बाहेर दाट धुकं आहे, लाकडाची शेगडी पेटवून बसले आहे, तर सावकाश लिहिते.

फिजाकच्या कारखान्यातून गाडीने वीस मिनिटं चढ चढलं की माळ लागतो. इथे त्याला 'कोस' म्हणतात. पहिल्या दिवशी मला म्हसवडच्या अलीकडे उतरल्यासारखंच वाटलं. पांढरट चुनखडीचा खडक, खुरटे ओक, चुना-माती न लावता नुसत्या रचलेल्या दगडी ताली आणि मेंढरं. मेंढ्या पांढऱ्या, पण डोळ्यांभोवती काळं कडं आणि कानही काळे. प्रत्येकीला कुणीतरी काजळ घालून चरायला सोडलंय असं वाटतं. फोटो पाठवते, आपल्या धनगरवाड्यावर जरूर दाखवा.

पाण्याचं दुखणंही आपल्या ओळखीचं. पाऊस माणदेशापेक्षा पुष्कळ जास्त, पण चुनखडी तो पिऊन टाकते. जवळच पादिराक नावाच्या ठिकाणी 75 मीटर खोल विवर आहे. 1889 मध्ये मार्तेल नावाचा संशोधक त्यात उतरला, तेव्हा खाली वाहती नदी मिळाली. आता लोक तिथे होडीतून फिरतात. वर मेंढरांना घोटभर पाणी नाही आणि पायाखाली नदी! म्हणून जुन्या माणसांनी खडकात छोटी छोटी टाकी कोरून ठेवली आहेत. त्यांची कहाणी अशी, की शार्लमेन राजाचा नाँफेझ नावाचा एक सरदार लढाया सोडून संन्यासी झाला आणि जनावरांची तहान बघवेना म्हणून ही टाकी खोदत फिरला. लोक त्याला संत मानतात. खरंखोटं देव जाणे, पण त्या पाण्यात मी हात बुडवलाय. बुडवताना बहात्तरच्या दुष्काळातल्या तुमच्या गोष्टी आठवल्या. शाळा सोडून तुम्ही आजोबांबरोबर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होतात ना?

गावाची वस्ती दोनशेच्या आत. तरी आपली स्वतंत्र पंचायत! फ्रान्समध्ये अशा जवळपास 35 हजार पंचायती आहेत, आणि शे-दीडशे माणसांच्या गावालाही आपला सरपंच आणि कचेरी असते. कचेरीला 'मेरी' म्हणतात. आमची आठवड्यातून दोन सकाळी उघडते. कायद्याचं लग्न तिथेच लागतं. तिरंगी पट्टा लावून सरपंच लावतो, चर्चमधलं त्यानंतर. आमचे सरपंच शेळ्या पाळतात. मी माझ्या पत्त्याच्या कागदासाठी गेले, तेव्हा ते गोठ्यातून हात पुसत आले, सही केली आणि घरच्या चीजच्या दोन चकत्या हातावर ठेवल्या. रोकामादूर म्हणतात त्या चीजला. आपल्या पेढ्यापेक्षा थोडी मोठी चकती, आतून लोण्यासारखी मऊ. आईला नक्की आवडेल.

बेकरी गावात उरलेली नाही. पावाची गाडी येते आणि चर्चपाशी दोनदा हॉर्न वाजवते. त्या दहा मिनिटांत अर्धं गाव भेटतं. पीठ, पाणी, मीठ, खमीर, एवढ्यावरच 'त्रादिस्याँ' पाव व्हायला हवा असा 1993 पासून सरकारी नियमच आहे, आणि चव घेतली की तो का केला ते कळतं. टेबलावर पाव उलटा ठेवला की अपशकुन मानतात. मी एकदा ठेवला तर शेजारच्या आजींनी न बोलता सुलटा केला, अगदी आई माझी उलटी चप्पल सुलटी करते तसा.

'बोंझुर' म्हटल्याशिवाय इथे बोलणं सुरूच होत नाही. आधी नमस्कार, मग काम. थेट काम सांगितलं की माणूस दुखावतो.

चर्चची घंटा सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी सातला घुमते. शहरातून सुट्टीला येणाऱ्या लोकांना तिचा त्रास होतो म्हणे. ओलेराँ बेटावर तर एका कोंबड्याच्या आरवण्यावरून खटला झाला. 2019 मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि 2021 मध्ये खेड्यातले आवाज आणि वास हा देशाचा वारसा आहे असा कायदाच झाला. मला हे फार आवडलं. शेणाच्या वासाला कायद्याने मान!

पण गाव रोडावतंय, हेही लिहिलं पाहिजे. शाळेचे वर्ग आता तीन गावांत वाटलेले आहेत, मुलं बसने ये-जा करतात. डॉक्टर गाठायचा तर फिजाक. चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचा स्तंभ आहे, आपल्याकडे अपशिंग्याला आहे तसा. गेल्या 11 नोव्हेंबरला सरपंचांनी एकेक नाव वाचलं आणि प्रत्येक नावानंतर सगळे म्हणाले, "फ्रान्ससाठी मेला." एकाच आडनावाचे तीन भाऊ आले तेव्हा माझा घसा दाटला. त्या घराचं छप्पर आज पडलेलं आहे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. इथल्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात. रात्री बंद, सकाळी उघड्या. शेजारच्या आजी सत्त्याऐंशीच्या, एकट्या राहतात. आले त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "माझ्या झडपा आठला उघडतात. साडेआठपर्यंत बंद दिसल्या तर दार वाजव." तेवढंच सांगून गेल्या. तेव्हापासून कामाला निघण्याआधी मी तिकडे बघते.

फेब्रुवारीत मला ताप आला आणि उशिरापर्यंत डोळाच उघडला नाही. दारावर थाप. आजी, हातात झाकलेलं भांडं, लसूण घातलेलं गरम सूप. "दहा वाजले, तुझ्या झडपा बंद," म्हणाल्या. आप्पा, तुलूझमध्ये मी एकदा तीन दिवस तापात पडून होते आणि मजल्यावर कुणालाही पत्ता नव्हता. इथे दोन तासांत कळलं.

आपल्या वाड्यातल्या काकूंच्या दारावर सकाळी कोणी नजर टाकतं का हो? मुलगे पुण्याला गेल्यापासून त्या एकट्याच असतात. येता-जाता तुम्ही हाक मारत जा, माझं नाव सांगून.

पुण्याचा सहकारी बुधवारी निघतोय, त्याच्याकडे एक बारकी डबी दिली आहे. केशर आहे. हो, या माळावर केशर पिकतं! पूर्वी पिकायचं, मधे बुडालं, गेल्या पंचवीसेक वर्षांत लोकांनी हौसेने परत लावलं. ऑक्टोबरात ऊन चढायच्या आत फुलं खुडतात, आणि ग्रॅमभर केशराला दीडशेच्या वर फुलं लागतात. यंदा तीन सकाळी मीही आजींच्या भाचीच्या वावरात वाकून फुलं खुडली. डबीतलं केशर त्या मजुरीचं आहे. आईला सांगा, दिवाळीच्या बासुंदीत घाल, आणि एक वाटी काकूंकडे पाठव.

तुमची,
ताई

ता. क. आपल्या तालीचे दगड पावसात ढासळले होते, ते रचून झाले का? इथले म्हातारे बुवा रुंद दगड खाली आणि आतल्या बाजूला थोडा कल देऊन रचतात. भिंत पावसात फुगत नाही. चित्र काढून सोबत ठेवलंय.