स्मृतिभ्रंशाच्या बातम्यांत आकडे जोडीने यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अल्झायमर, कंपवात यांसारख्या विकारांत मेंदूत साचणारी, घडी बिघडलेली प्रथिने शोधून काढण्याच्या आणि ती साफ करण्याच्या प्रयत्नांविषयी अलीकडे वरचेवर बातम्या येतात. असा विषय छापला जातो याचे समाधान आहे. मात्र अशा बातमीतील निम्मा भाग गळला, की घरात रुग्ण असलेल्या वाचकाची फार मोठी फसगत होते. माझे आयुष्य जीवरसायनशास्त्र शिकवण्यात गेले आणि वडिलांच्या आजारपणात याच प्रथिनांची करणी मी जवळून पाहिली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती ठरावीक घडी घालून बसली, तरच काम करते. घडी बिघडलेले रेणू मोडीत काढण्याची सोय पेशीतच असते. युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण करून अशी प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेच्या शोधाला २००४ चे, तर पेशीच्या स्वभक्षणाच्या क्रियेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळाले. वय वाढते तशी ही यंत्रणा मंदावते. मग अल्झायमरमध्ये अमायलॉइड बीटा हे प्रथिन पेशींच्या बाहेर थरांनी साचते, टाऊ या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत होतात आणि कंपवातात अल्फा सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे तयार होतात.

यातील सर्वांत घातक गुण असा, की बिघडलेला रेणू शेजारच्या चांगल्या रेणूलाही आपल्यासारखीच चुकीची घडी घालायला लावतो. आजच्या एका तपासणीने हाच दुर्गुण कामी लावला आहे. रुग्णाच्या मणक्यातील पाण्याचा अल्पसा नमुना चांगल्या सिन्युक्लिनच्या द्रावणात मिसळून ताटली सतत हलवत ठेवतात. त्यात बिघडलेल्या प्रथिनाला चिकटल्यावरच चकाकणारा रंग घातलेला असतो. पडद्यावरची रेषा तासन्‌तास सपाट राहते आणि नमुन्यात बिघडलेले बीज असेल, तर एकाएकी उभी चढते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,१२३ जणांच्या अभ्यासात या तपासणीने कंपवाताचे सुमारे ८८ टक्के रुग्ण बरोबर ओळखले. अंगाला कंप सुटण्याच्या कितीतरी आधी, केवळ वास येईनासा झालेल्या काही जणांतही हे बीज आढळले. मला हे संशोधन अत्यंत आशादायक वाटते आणि तसे म्हणताना मी हात राखून बोलत नाही.

पण प्रथिन सापडले म्हणजे रोग सुरू झालाच, असे मुळीच नाही. स्मरणशक्ती शाबूत असलेल्या माणसांतही पन्नाशीला साधारण १० टक्के आणि नव्वदीला सुमारे ४४ टक्के जणांच्या मेंदूत अमायलॉइड आढळते. त्यांतील अनेकांना हयातभर विस्मरणाचा त्रास होत नाही. हा आकडा मी बातम्यांत जवळजवळ कधीच वाचलेला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अल्झायमरसाठी रक्ताच्या पहिल्या तपासणीला परवानगी दिली, ती लक्षणे दिसत असलेल्या, ५५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या माणसांसाठी होती. शिवाय जवळपास पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत निष्कर्ष ना होकारार्थी, ना नकारार्थी, असा अधांतरी राहिला. बातमी वाचून माझ्या धाकट्या भावाने विचारले, “ताई, मीही करून घेऊ का?” त्याला कसलेही लक्षण नाही. होकार आला, तर त्याने पुढची वीस वर्षे कोणत्या धास्तीत काढायची, याचे उत्तर त्या बातमीत नव्हते.

सफाईच्या औषधांचेही तेच. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचे प्रतिपिंड सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात आणि त्याने अमायलॉइड खरोखरच मोठ्या प्रमाणात कमी होते. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांनंतर रुग्णांची घसरण औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी मंदावली, हे सर्वत्र छापून आले. ते टक्के म्हणजे १८ गुणांच्या मापनपट्टीवर ०.४५ गुणाचा फरक. औषध घेणारेही खालावतच गेले, फक्त सावकाश. गेलेली आठवण परत येत नाही, कारण मेलेली चेतापेशी परत येत नाही. औषध मिळालेल्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या मेंदूत सूज दिसली. ती बहुतेकांत लक्षणांविना होती, तरी अपोई-४ या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना धोका बराच अधिक असतो, म्हणून ही जनुकीय तपासणी आधी करावी लागते आणि एमआरआय वारंवार घ्यावे लागतात. हे औषध निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला काही महिने अधिक स्वावलंबन मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

‘सुरुवातीचा टप्पा’ हे शब्द मात्र बातमीत सर्वांत ठळक हवेत. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितले, तेव्हा माझ्या वडिलांनी वर्तुळ सुबक काढले आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने भरले. डावी बाजू कोरी. कागद पुढे सरकवून ते समाधानाने म्हणाले, “झालं.” एवढे दिसेपर्यंत प्रथिनांची साचवण पंधरा-वीस वर्षे जुनी झालेली असते. अशा रुग्णाच्या मुलांना ‘नवे औषध आले’ एवढेच वाचायला मिळाले, तर ती धावाधाव करतात आणि रिकाम्या हाताने परततात.

जाता जाता झोपेविषयी. झोपेत मेंदू धुऊन निघतो, हे वाक्य २०१३ मधील उंदरांवरील अभ्यासातून आले आहे. २०२४ मध्ये उंदरांवरच्याच दुसऱ्या अभ्यासात झोपेत ही सफाई मंदावते, असे दिसले. झोप आवश्यक आहेच, पण हा वाद मिटल्यासारखे लिहू नये.

तेव्हा विनंती अशी, की तपासणीच्या बातमीत ती कोणासाठी आहे आणि निरोगी माणसांत हेच प्रथिन किती जणांत आढळते, ते द्यावे. आणि औषधाच्या बातमीत टक्क्यांशेजारी गुणांमधला फरक, सुजेचे प्रमाण व रुग्णांचा टप्पा द्यावा. त्यासाठी चार ओळी अधिक लागतील. मथळ्याची जागा कमी करून त्या द्याव्यात.

आपली विश्वासू,
जीवरसायनशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका