गावाच्या कडेचे सगळे लेआऊट एका नकाशावर आणायचेत, कागद, फोटो, माणसं आणि वर्गणी सगळंच लागणारे

नमस्कार मंडळी, गावात राहणाऱ्या आणि नोकरीधंद्यासाठी बाहेर असलेल्या सगळ्यांना ग्रामविकास समितीकडून हे आवाहन. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा, पैशाचा विषय शेवटी घेतलाय कारण पैसे कशाला पाहिजेत ते आधी कळायला हवं.

पहिली गोष्ट, समिती घरांच्या विरोधात नाही. विरोधात आहे ही बातमी कोण पसरवतंय ते माहितेय, असो. गावठाण भरून गेलंय, भावाभावांत वाटण्या होऊन एका खोलीत एक संसार अशी वेळ आलीय, पोरांनी घरं बांधायची कुठे तर गावाच्या कडेलाच ना. ज्यांनी जमिनी विकल्या तेही आपलेच आणि ज्यांनी प्लॉट घेतलेत ते उद्या आपल्याच नळावर पाणी भरणार आहेत. त्यामुळे भांडण कुणाशी नाही. अडचण एवढीच आहे की प्रत्येक लेआऊट, म्हणजे जमिनीवर प्लॉट आणि रस्ते पाडायची आखणी, कागदावर छोटासा दिसतो आणि सगळे मिळून किती होतात हे कुणीच मोजलेलं नाही.

आम्हाला ज्या फाईली बघायला मिळाल्या त्यात त्या त्या गटाचा, म्हणजे गट नंबरच्या जमिनीचा नकाशा आहे, आतले रस्ते आहेत, प्लॉट नंबर आहेत, पण शेजारच्या गटात काय मंजूर झालंय, त्याचं सांडपाणी कुठे जाणार, त्याच्या गाड्या कुठल्या रस्त्याने बाहेर पडणार याचा एक शब्द नाही. म्हणजे बारा प्लॉटचं पाणी ओढ्यात सोडलं तर काय बिघडतं, असं एकेका फाईलपुरतं बरोबरच वाटतं. पण असे पाच सात लेआऊट एकाच ओढ्यावर आले की काय होतं ते पावसाळ्यात खालच्या आळीला विचारा.

आता नियम काय म्हणतो ते थोडक्यात, कारण ग्रुपवर यावर फार काहीबाही लिहिलं जातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये कलम ४२ ड आल्यापासून गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहण्यासाठी वेगळी एनए म्हणजे बिनशेती परवानगी काढत बसावं लागत नाही, ठरलेली देणी भरायची की झालं. चांगली सोय आहे, आपल्यातल्या कित्येकांना फायदा झालाय. पण एनए सुटली म्हणजे सगळंच सुटलं असं नाही हो, लेआऊटची आणि बांधकामाची मंजुरी लागतेच, आणि ती नगररचनाच्या नियमांनीच मिळते. डिसेंबर २०२० पासून राज्यात जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआऊट असेल तर १० टक्के जागा मोकळी सोडायची असते, खेळायला, झाडांना, बसायला. ०.४ हेक्टर म्हणजे ४००० चौरस मीटर, एका एकराला जरासं कमी. आता गावाच्या पश्चिमेला जाऊन बघा, रांगेने जे लेआऊट पडलेत ते सगळे या आकड्याच्या आतलेच आहेत. योगायोग असेल बापडा. पण त्या सगळ्या रांगेत मिळून मुलांना चेंडू मारायला एक गुंठा मोकळा नाही, हे तर डोळ्यांना दिसतंय. एकाच मालकाची किंवा एकाच डेव्हलपरची सलग जमीन वेगवेगळ्या सातबाऱ्यांवर तुकड्या तुकड्याने मंजुरीला आली तर ती एकत्र धरून मोजा, अशी आपली मागणी आहे आणि ती लेखी द्यायचीय.

ओढ्याचं जरा सविस्तर सांगतो. जुन्या गाव नकाशात मसोबाच्या माळावरून येणारा ओढा चांगला रुंद दाखवलाय, दोन गटांच्या मधून वळण घेऊन नदीकडे जातो. नव्या लेआऊटच्या प्लॅनवर त्याच जागी एक बारीक रेघ आहे आणि बाजूला लिहिलंय गटार. प्रत्यक्षात गेटसमोर मुरूम टाकून ओढा बुजवलाय आणि पाणी जायला खाली सिमेंटचा एक पाईप, ज्यात मोठं माणूस वाकूनसुद्धा शिरणार नाही. पाईपच्या तोंडाशी प्लास्टिक, वाळकी पऱ्हाटी, कुणाचं तरी फाटकं पोतं अडकलेलं असतं, आणि मोठा पाऊस झाला की वरच्या बाजूच्या रानात पाणी तुंबतं. तुरीच्या मुळ्या सडल्या त्या उगाच नाही.

यात एक मुदत आहे म्हणून हे आवाहन आत्ता करतोय. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली, शेतातल्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला आणि त्यामुळे शेतीचं नुकसान झालं किंवा होणार असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो, आणि तो ज्याच्या रानाला त्रास होतोय त्या शेतकऱ्यानेच टाकलेला बरा, समितीच्या लेटरहेडवर नुसता अर्ज देऊन काम होत नाही. वरच्या बाजूचे जे शेतकरी आहेत त्यांना हात जोडून विनंती, पुढे या, कागद आम्ही तयार करतो, वकील आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा आणि तारखेला हजर राहा. शेजाऱ्याशी वाकडं नको म्हणून गप्प बसलात तर पुढच्या पावसाळ्यात तेच पाणी असणार आणि मुदत मात्र निघून गेलेली असणार.

रस्त्याचंही तसंच. ब्रोशरमध्ये तीस फुटी रस्ता लिहिलंय आणि तो थेट एकाच्या बांधावर जाऊन संपतो, पुढे काय तर पुढे ज्वारी. जुना गाडरस्ता गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलाय पण जागेवर तो निम्मा कुंपणात गेलाय. याची सरकारी मोजणी करून हद्द कायम करून घ्यायची आणि क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्यायची, त्याशिवाय तोंडी बोलून काही उपयोग नाही, प्रत्येकजण आपापल्या आजोबांचा दाखला देतो.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी एकच मोठा नकाशा. गावठाणाची हद्द, तिच्यापासून २०० मीटरची रेघ, मंजूर झालेले लेआऊट, मंजुरीला गेलेले लेआऊट, नुसत्या चुना मारून विकायला काढलेले प्लॉट, ओढे, गाडरस्ते, सार्वजनिक विहीर आणि तिच्या आसपासच्या बोअर, सगळं त्यावर. तो ग्रामसभेत मांडायचा, ठराव घ्यायचा आणि ठरावासकट तहसील आणि नगररचनाच्या ऑफिसात द्यायचा. छोट्या लेआऊटच्या मंजुरीआधी गावाला विचारायला वेगळी जाहीर नोटीस काही निघत नाही, त्यामुळे आपण आपणहून जाऊन सांगितलं तरच कुणीतरी ऐकेल. ग्रामसभेला कोरम लागतो, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. मागच्या वेळी कोरमअभावी सभा तहकूब झाली, कट्ट्यावर बसून चर्चा करणारे त्याहून जास्त होते, पण ते जाऊ द्या, यावेळी या. बाईमाणसांनी तर नक्की या, विहिरीचं पाणी कधीपासून खाली गेलं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

ज्यांच्या घरी ट्रंकेत जुने सातबारे, फेरफार, वाटणीपत्रं, मोजणीचे नकाशे आहेत त्यांनी झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणालाही देऊ नका, अगदी आम्हालाही नाही. पुराचे, तुंबलेल्या पाण्याचे फोटो मोबाईलमध्ये असतील तर मूळ फाईल पाठवा, ग्रुपवर फॉरवर्ड झालेल्या फोटोतून तारीख निघत नाही. पुण्या-मुंबईला सिव्हिल करणारी, ऑटोकॅड येणारी आपली पोरंपोरी आहेत, दोन रविवार द्या, नकाशा तुम्हीच चांगला कराल. माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला सुद्धा माणसं पाहिजेत, अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं, पण प्रश्न नीट लिहिला नाही तर उत्तर पण तसंच येतं.

प्लॉट घेतलेल्या किंवा घेणाऱ्या मंडळींनाही सांगणं आहे, तुम्ही आमच्या बाजूचेच आहात. ५०० चौरस मीटरच्या वरचा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा प्रोजेक्ट असेल तर महारेरा नंबर, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडचा नोंदणी नंबर, विचारा, मंजूर नकाशाची प्रत मागा आणि ती टेंटेटिव्ह म्हणजे तात्पुरती आहे की फायनल ते बघा. विहिरीवरून नळ देऊ असं तोंडी सांगितलं असेल तर ते पंचायतीत येऊन विचारून घ्या. आणि शेतजमीन गुंठ्या गुंठ्याने खरेदी करताना शेतीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी करणारा तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा अजून आहे हे विसरू नका, २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याच्या खाली तुकडा धरला जातो ते, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरलंय. एजंट सांगतो होऊन जाईल, होऊन जाईल, पण नंतर फेरफार अडकला की एजंटचा फोन लागत नाही.

आता वर्गणी. पैसे लागणार आहेत मोजणीच्या फीला, नकला काढायला, मोठ्या नकाशाच्या प्रिंटला, तालुक्याच्या फेऱ्यांना आणि वकिलांच्या फीला, वकील ओळखीतले आहेत, कमी घेतील पण फुकट नाही. जमेल तेवढं द्या, १०० रुपये दिले तरी पावती मिळेल आणि नाव नको असेल तर नाव लिहिणार नाही. रोख दिलीत तर पावतीशिवाय देऊ नका. खाते नंबर पंचायतीच्या नोटीस बोर्डवर लावलाय, तो तिथूनच घ्या, मेसेजमध्ये फिरणाऱ्या नंबरवर किंवा क्यूआर कोडवर एक रुपया पाठवू नका. जमाखर्च दर महिन्याला त्याच बोर्डवर लागेल, बिलांसकट. प्लॉटिंगच्या धंद्यात असलेल्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत असं समितीत ठरलंय, कितीही प्रेमाने दिले तरी. मोजणी झाल्यावर शिल्लक राहिली तर ती ओढ्याच्या दाव्यासाठीच ठेवू, दुसरीकडे वळवणार नाही.

येत्या रविवारी सकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात गाव नकाशाची मोठी प्रत टेबलावर असेल. तिथे येऊन आपापला गट शोधा, आपल्या बांधालगतचा ओढा, रस्ता, बोअर पेन्सिलनेच दाखवा, पेनने नको, दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन खोडायला सांगतो. म्हाताऱ्या माणसांना सोबत आणा, यायला जमत नसेल त्यांच्या घरी आम्ही नकाशा घेऊन येऊ, फक्त आदल्या दिवशी पंचायतीत निरोप ठेवा.