छकुलीची जुनी फाइल काढ

प्रिय सुध्या,

सात महिने फोन नाही, मेसेज नाही, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे. आम्ही ठीक, आईचा गुडघा तसाच.

सोनूचं बाळ दोन महिन्यांचं असताना एकाएकी दूध पिईना, श्वास जोरजोरात. दवाखान्यात नेलं तर शुगरच्या मीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. लगेच इन्सुलिन सुरू केलं. मी आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलो होतो आणि डोळ्यांसमोर फक्त आपली छकुली, पंचवटीचं घर, फ्रीजच्या दारातल्या तिच्या इन्सुलिनच्या त्या बाटल्या. रथाच्या दिवशी तिला पेढा दिला म्हणून तू भर रामकुंडावर माझी कॉलर धरली होतीस ना, तो राग इतक्या वर्षांनी त्या बाकड्यावर गेला बघ.

आता खरं सांगतो. सहा महिन्यांच्या आत डायबेटिस निघाला तर तो बहुतेक वेळा टाइप वन (शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशी मारतं तो) नसतोच, म्हणून डॉक्टरांनी बाळाची जीन टेस्ट करायला लावली. केसीएनजे११ नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला. अरे, बीटा पेशीला, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीला, पोटॅशियमची दारं असतात. एरवी ती उघडी, पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, पेशी शांत. आपण जेवलो की ग्लुकोज आत जातं, त्याच्यापासून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं, ते दाराला चिकटलं की दार बंद, मग पेशीचा व्होल्टेज बदलतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि इन्सुलिनच्या पिशव्या रक्तात रित्या होतात. बाळाचं दार एटीपीला दादच देत नाही, उघडं ते उघडंच. म्हणजे इन्सुलिन आत तयार आहे रे, बाहेर पडत नाहीये!

आणि ते दार बंद करणारी गोळी कुठली? ग्लिबेनक्लामाइड. आप्पांची डायबेटिसची गोळी, डाओनिल! तुमच्याच घरात, आप्पांच्या कपाटात. बाळाला ती पाण्यात विरघळवून देतात, इन्सुलिन कमी करत करत मागच्या गुरुवारी बंद झालं. सोनू नुसती रडत होती.

या जीनचा तान्ह्या बाळांच्या डायबेटिसशी संबंध आहे हे कळलं २००४ ला. छकुलीचं निदान १९९४ चं, तेव्हा जगात कुणालाच हे माहीत नव्हतं, काकूंना सांग, चूक कुणाचीच नाही. २००६ च्या एका अभ्यासात असा बिघाड असलेल्या ४९ जणांपैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं.

तीन आठवडे लिहू की नको चाललं होतं. त्या पुडीच्या औषधाचा आग्रह मीच केला होता, छकुली चार दिवस अ‍ॅडमिट होती आणि तू म्हणालास, आमच्या घरात परत आशा घेऊन येऊ नकोस. म्हणून आज आशा नाही आणत, टेस्ट आणतोय. तिचा जीन वेगळाही निघेल, किंवा काहीच निघणार नाही. सगळ्यांना गोळी लागू पडते असंही नाही. रिपोर्ट येईपर्यंत इन्सुलिनला हात लावायचा नाही, नंतरही डॉक्टरांसमोरच. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ही टेस्ट होते, खर्चाचं आपण दोघं बघू.

वहिनींची बदली झाली का? चिंटूला दहावीत किती पडले? सगळं सांग, पण नंतर.

आधी माळ्यावरची ट्रंक उघड, निदानाच्या वेळी ती नेमकी किती दिवसांची होती ते फाइलमध्ये बघ. मला तीन महिने आठवतंय. छकुलीशी बोलायच्या आधी मला फोन कर, रात्री कितीही वाजू देत.

तुझाच,
बंड्या