सातबाऱ्यावर नाव चढलं की कसलं गुपित?

मा. संपादक साहेब,
स.न.

कालच्या पुरवणीत तुमच्या वकीलसाहेबांनी लिहिलंय की मृत्युपत्र करून ठेवलं की वारसा घरच्यांनाही न कळता मिळतो. हसावं का रडावं कळेना. साहेबांनी एकदा आमच्याकडच्या तलाठी सज्जावर (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) अर्धा दिवस बसावं आणि मग लिहावं.

नोंदणीचं त्यांनी लिहिलं ते खरंय. मृत्युपत्र करणारा जिवंत आहे तोवर नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही, सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोयही 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. पण माणूस गेल्यावर? पाकीट उघडून ते बुकात उतरवतात आणि मग जो अर्ज करेल त्याला नक्कल मिळते. हे पुढचं वाक्य कुठं गेलं, जाहिरातीला जागा कमी पडली का?

माझ्या मावशीला मूलबाळ नाही, काका तिच्या आधीच गेले, जमीन काकांकडून आलेली, परभणीजवळची. तिनं मृत्युपत्र केलं नसतं तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं ती काकांच्या पुतण्यांकडे गेली असती, आणि ते पुतणे तिच्या दुखण्यात एकदाही फिरकले नव्हते. म्हणून तिनं माझ्या नावानं लिहून दिली आणि बजावलं, सासरी बोलू नको. नाही बोलले. फक्त नवऱ्याला सांगितलं, तेही खूप उशिरा.

मावशी गेल्यावर बँकेतलं काम गुपचूप झालं. एफडीला मी नॉमिनी होते, कागद दिले, पैसे आले, कोणाला पत्ता नाही. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे मलाही माहितेय, पण मृत्युपत्रातही नाव माझंच होतं.) जमिनीचं मात्र फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायला, अर्ज दिला आणि गावभर झालं! महसूल कायद्याचं कलम 150 आहे, नोटीस चावडीवर लागणारच, हरकतीला 15 दिवस देणारच. पुतण्यांना कळायलाच पाहिजे, तो त्यांचा हक्कच आहे आणि त्यांनी हरकत घेतलीही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीच नोटीस 'आपली चावडी' या सरकारी वेबसाइटवर मोबाईलमध्ये कुणालाही दिसते. गावातल्या कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत पुण्याला माझ्या दिराकडे गेला आणि संध्याकाळी फोन, "वहिनी, शेत मिळालं म्हणायलेत सगळे, पेढे कुठंयत?"

पेढ्यांवर भागलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. दिरांना ट्रॅक्टरच्या डाऊन पेमेंटला पैसे पाहिजेत, जाऊबाईंचं म्हणणं आमच्यापासून लपवलं, सासूबाई तर माझ्याशी बोलेनात. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ही जमीन माझी एकटीची, पूर्ण मालकीची, पण हे जेवायला बसल्यावर सासूबाईंना वाचून दाखवू का? वरून प्लॉटिंगवाल्यांचे फोन. जालना-नांदेड महामार्गाचं सुरू झाल्यापासून या लोकांना कोणाच्या घरी कोण वारलं हे आपल्याआधी कळतं. सातबारा तर कोणीही बघू शकतो, गट नंबर माहीत नसला तरी नावानं शोधता येतो, फुकट. सही असलेला पाहिजे तर 15 रुपये.

जमिनीचं रेकॉर्ड उघडं असावं हे कळतं हो मला, नाहीतर एकच शेत चौघांना विकतील. पण मग बायकांना असं खोटं सांगू तरी नका. तुमचा लेख वाचून कालच माझी मैत्रीण विचारायली होती, माहेरची जमीन सासरी न कळता नावावर होते का म्हणून. काय सांगू तिला?

पत्र छापलंत तर नाव छापू नका, दीर तुमचाच पेपर घेतात.

आणि पुरवणीचा विषय निघालाच आहे तर, निम्मी पुरवणी फ्लॅट, सोसायटी, शेअर सर्टिफिकेट यातच जाते. परभणीच्या वाचकानं त्याचं काय करायचं? हक्कसोड, फेरफार, वाटणीपत्र यावर एकदा तरी लिहून घ्या, आणि शनिवारची पुरवणी आमच्याकडे रविवारी का येते तेही एकदा बघा.

आपली,
एक वाचक, परभणी